वासाचं चित्र

अब्बांचा वास गेला तो साथीच्या दुसऱ्या लाटेत. ताप आठवड्यात उतरला, खोकला महिनाभर रेंगाळून गेला. वास मात्र गेला तो गेलाच.

अब्बा भटारी होते, म्हणजे लग्नाकार्यात मोठ्या देगांमध्ये स्वयंपाक करणारे. शिरूरमध्ये आमच्या मोहल्ल्यातल्या शादीची बिर्याणी त्यांच्याच हातची असायची. तळेगाव ढमढेऱ्याकडच्या बागायतदारांच्या घरी हळदीचं किंवा जावळाचं मटण करायलाही त्यांनाच बोलावणं यायचं. रमजानच्या महिन्यात तर ते रोजा धरून इफ्तारीच्या देगा उतरवायचे. रोजात काही चाखता येत नाही. तेव्हा मीठ हाताच्या अंदाजावर आणि बाकी सगळं नाकावर. झाकणाच्या कडेतून निघणारी वाफ एकदा ओढून घेतली की ते म्हणायचे, "अजून दहा मिनिटं." त्यावर कुणी वाद घालत नसे.

आजारपणानंतर पहिल्यांदा ते अंगणात शेगडीपाशी बसले होते. घरच्यापुरताच कांदा तळत होते. अम्मी आत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिथून ती म्हणाली, "कांदा करपतोय." मी बाहेर आले. अब्बा कढईवर वाकलेले होते, झारा त्यांच्या हातात होता, आणि कांदा काळा झालेला होता. त्यांनी आत अम्मीच्या दिशेनं पाहिलं आणि म्हणाले, "मला माहीत आहे." कढई खाली उतरवून ते मोरीत गेले. मी दारातून पाहिलं. साबणाची वडी, फिनेलची बाटली, मग अत्तराची कुपी, एकेक नाकाशी नेऊन ते जागच्या जागी ठेवत होते.

डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, काहींना वेळ लागतो. अब्बा दर महिन्याला जाऊन विचारायचे. वर्ष झालं तसं त्यांनी विचारणं सोडलं.

लग्नं पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांनी मला सोबत घ्यायला सुरुवात केली. मी नववीत होते. बहुतेक कार्यं रविवारी असत, त्यामुळे शाळा बुडत नसे. त्यांच्या हाताखालच्या दोन्ही चाचांना ते म्हणाले, "पोरगी शिकेल थोडं." खरं कारण घरात आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. मी देगेजवळ उभी राहायचे. मसाल्याचा कच्चा वास गेला की विचारायचं, "अब्बा, पाणी देऊ का?" काही लागतंय, करपतंय असं वाटलं की म्हणायचं, "अब्बा, तुमचा फोन वाजतोय." ते खिशातून फोन काढून बघायचे आणि दुसऱ्या हातानं जाळ ओढून घ्यायचे. मटण आणलं की पिशवी सोडून वास बघायला मीच बसायचे. मला आवडायचं ते काम. पन्नास वर्षांच्या माणसाला माझी अशी गरज लागावी, याचा थोडा अभिमानही वाटायचा. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण वाटायचा.

अम्मी कारेगावच्या पुढच्या एका इंग्रजी शाळेच्या बसवर मावशी होती. लहान मुलांना चढवायचं, उतरवायचं, ओकारी झाली तर पुसायचं. कंपन्यांतल्या साहेबांच्या मुलांसाठी निघालेली शाळा ती, पण तिथं कामाला असणाऱ्यांच्या मुलांनाही शिकता यायचं, म्हणून मी तिथं होते. तिथलं बोर्ड परदेशी होतं आणि दहावीला चित्रकला हा पूर्ण विषय घेता यायचा. त्या परीक्षेची रीत वेगळी होती. आधी विषयांची यादी यायची. त्यातला एक निवडून काही आठवडे वहीत तयारी करायची. कल्पना कशी सुचली, कशी बदलली, काय करून पाहिलं, काय फसलं, सगळं लिहून आणि काढून दाखवायचं. मग शेवटी दोन दिवस, रोज पाच तास, शाळेतच बसून एक मोठं काम पुरं करायचं. त्याला सगळे फायनल पीस म्हणत. आम्ही मिक्स्ड मीडिया घेतलेलं, म्हणजे रंग, कापड, तार, कागद, जे हवं ते एकत्र वापरायची मुभा.

यादीत एक विषय होता, 'अदृश्य'. मी तो घेतला आणि वारा काढला. चित्रकलेच्या मॅडम पुण्याहून आलेल्या, शिरूरमध्ये खोली घेऊन राहायच्या. तिशीच्या असतील. कधी आवाज चढवत नसत. त्यांनी वारा पाहिला आणि म्हणाल्या, "छान आहे. पण वारा कुणीही काढेल." मग मी जंतू काढले, साथीचे. त्या म्हणाल्या, "हेही सगळ्यांचं आहे. तुझ्या घरातलं काय आहे, जे दिसत नाही?"

मी घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी वहीत एक नाक काढून आणलं.

"कुणाचं?" मॅडमनी विचारलं.

मी सांगून टाकलं. दोन वर्षं तोंडात धरून ठेवलेलं एका दमात सांगितलं. पाण्याचं, फोनचं, मटणाच्या पिशवीचं. मॅडमचे डोळे भरून आले. "हे लिही," त्या म्हणाल्या. "जसं मला सांगितलंस तसंच लिही. हेच तुझं काम आहे." मी इंग्रजीत सहा पानं लिहिली. अब्बांना इंग्रजी येत नाही, हे लिहिताना माझ्या मनात होतंच.

त्यांना मी म्हणाले, "परीक्षेला चेहरे काढायचे आहेत. बसाल का माझ्यासाठी?" ते खूश झाले. दाढी नीट करून, स्वच्छ सदरा घालून अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. मी आठवडाभर रोज त्यांचं नाक काढत होते, समोरून, बाजूनं, खालून. ते विचारायचे, "डोळे कधी काढणार?" मी म्हणायचे, "उद्या."

सामान घरातलंच जमवलं. देगेच्या बुडाची काजळी चमच्यानं खरवडून डिंकात कालवली, तिचा दाट काळा रंग झाला. कांद्याची सालं उकळून तांबूस पाणी केलं. देगेचं तोंड बंद करायला अब्बा जे ओलं कापड गुंडाळतात, त्यातलं जुनं, डागाळलेलं एक मागून घेतलं. "कशाला?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "रंग पुसायला." वास बसवणं सगळ्यात अवघड गेलं. लवंग, दालचिनी, बाद्यान कुटून फेविकॉलमध्ये चिकटवलं की वास मरून जायचा. तीन फळ्या वाया गेल्या. शेवटी मॅडमनी सुचवलं की चिकटवूच नकोस, मागं ठेव.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी चार फुटी प्लायवूडवर खालच्या बाजूला देगेचं गोल तोंड काजळीनं काढलं. त्यावर ते कापड ताणून बसवलं. त्यातून निघणारी वाफ बारीक तारेला जखमेवर बांधायच्या पट्टीचं पांढरं जाळीदार कापड गुंडाळून केली. ती वाफ वर जाऊन एका माणसाच्या चेहऱ्यापाशी पोचत होती. डोळे मिटलेले, कपाळावर घाम. नाकाच्या जागी भोक. शाळेच्या सुतारमामांनी ते आधीच पाडून दिलं होतं. भोकाच्या मागं मलमलची पुरचुंडी, तिच्यात सगळा मसाला आणि तळलेला कांदा. वास घ्यायचा तर बघणाऱ्यानं आपलं नाक तिथं न्यायचं, त्या चेहऱ्याला चेहरा लावून. एवढी एकच गोष्ट मला त्यात खरोखर जमली असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी हॉल उघडला तर कापडावरून मुंग्यांची रांग भोकात शिरत होती. परीक्षेतलं काम हॉलबाहेर नेता येत नव्हतं, आणि फवारा मारला तर मसाल्याचा वास गेला असता. माझा पहिला तास फुंकर घालून आणि ब्रशनं मुंग्या झाडण्यात गेला. कांदा काढून टाकावा लागला. अब्बांच्या तळलेल्या कांद्याचा वास, ज्यासाठी एवढं केलं, तोच त्यात उरला नाही. मसाल्याचा होता, तोही कालच्याइतका नव्हता. पाच तास संपले तेव्हा चित्रातल्या कपाळावरच्या घामाचा रंग अजून ओला होता आणि गाल अर्धवट राहिला होता. मॅडम म्हणाल्या, "हात खाली." मी हात खाली केले.

मग त्यांनी त्याचे फोटो काढले. तपासणारे परदेशात होते. त्यांच्याकडे फोटो आणि वही जाणार होती.

"फोटोतून वास कसा जाईल, मॅडम?"

"तू वहीत लिहिलंयस ना. वाचतील ते."

फोटोत ते एक भोक दिसत होतं. काळं, गोल, पाण्याच्या टाकीला असतं तसं.

मार्चच्या शेवटी शाळेनं पालकांसाठी प्रदर्शन ठेवलं. अब्बांना यायचंच होतं. "माझा चेहरा लावलाय आणि मी नको?" असं ते दोन दिवस म्हणत होते. मी म्हणाले, "फारसा ओळखू येत नाही." ते म्हणाले, "बघू तरी." भोकाबद्दल काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. म्हणणार होते, अजून पुरं व्हायचंय.

त्या सकाळी मी अम्मीबरोबर बसनं शाळेत पोचले. हॉलमध्ये गेले तर प्रत्येक कामाशेजारी एकेक कार्ड लावलेलं. बाकीच्यांची कार्डं दोन ओळींची होती. माझं मोठं होतं, आणि मराठीत. गावाकडच्या पालकांनाही कळावं म्हणून मॅडमनी माझ्या वहीतला एक भाग स्वतः मराठीत करून सुवाच्य अक्षरात लिहिला होता.

'माझ्या वडिलांना दोन वर्षांपासून वास येत नाही. ते लग्नांत स्वयंपाक करतात. देगेपाशी मी त्यांचं नाक होऊन उभी राहते. हे कुणालाच माहीत नाही.'

मॅडम दरवाजापाशी पाहुण्यांना आत घेत होत्या. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "ते कार्ड काढू या का?" त्या म्हणाल्या, "अगं, का? मुख्याध्यापकांना तेच सगळ्यात आवडलं." मी म्हणाले, "अब्बा येणार आहेत." त्या म्हणाल्या, "मग तर राहू देच. त्यांना किती बरं वाटेल." एवढ्यात मागून कुणीतरी त्यांना हाक मारली आणि त्या वळल्या. मला वाटलं, स्वतःच जाऊन काढावं. पण तोवर चित्रापुढं रांग लागली होती. वास घेण्याचं लोकांना नवल वाटत होतं. एकेक जण कार्ड वाचायचा, भोकापाशी वाकायचा, आणि हसून मागच्याला जागा द्यायचा. त्या सगळ्यांच्या देखत हात पुढं करून कार्ड उपटणं माझ्यानं झालं नाही. अम्मी बसच्या निळ्या साडीत हॉलच्या दारात येऊन उभी होती. कार्ड तिनं आधीच वाचलं असावं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग लहान मुलांकडे निघून गेली.

अब्बा मोटारसायकल लावून आले. इस्त्रीचा सदरा, डोळ्यांत सुरमा. ते थेट चित्रापाशी आले. कार्ड बाजूला होतं, त्यांचं लक्ष चेहऱ्याकडे. त्यांनी आपलं कपाळ ओळखलं, हसले. मग पुढचा माणूस भोकाशी नाक लावून बाजूला झाला तसे तेही वाकले. डोळे मिटले. पूर्वी देगेवर घ्यायचे तसा लांब श्वास घेतला. सरळ झाले आणि रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात, आमची घरची दखनी सोडून मराठीत म्हणाले, "लवंग जरा जादा झालीया."

त्या सगळ्यांनी कार्ड वाचलेलं होतं.

मग अब्बांची नजर कार्डाकडे गेली. ते मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. वाचताना त्यांचे ओठ हलतात. मी त्यांचे ओठ बघत होते. शेवटच्या ओळीवर ते थांबले, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले.

रांगेत तळेगाव ढमढेऱ्याचे एक आप्पा होते. त्यांचा नातू आमच्या शाळेत होता, आणि वर्षापूर्वी त्यांच्या धाकट्याच्या हळदीचं मटण अब्बांनीच केलं होतं. ते पुढं आले.

"काय भाई, खरं हाय का ह्ये?"

अब्बा म्हणाले, "पोरीनं लिव्हलंय, म्हंजी खरंच आसंल."

"मंग आमच्या हळदीला?"

"तवा बी ही हुती की माझ्यासंगं."

"मटण तर झ्याक झालतं," आप्पा म्हणाले. त्यांनी अब्बांच्या खांद्यावर हात ठेवला. "सांगायचं तरी व्हतं, भाई. आमी काय परके हाय का?"

ते मनापासून बोलत होते. पुढं जे झालं त्यात वाईट मनाचं कुणीच नव्हतं, म्हणून मला कुणावर रागावताही आलं नाही. आप्पांच्या पुतणीचं लग्न वैशाखात होतं. त्यांचा फोन आला, "यंदा घरच्या घरीच करतोय भाई, मनात काय आणू नका." मग आणखी दोघांचा आला. मोहल्ल्यातल्या एका शादीला लोकांनी अब्बांना बोलावलं, पण मटण आणायला आपला माणूस पाठवला. तिथं एक बाई अम्मीला म्हणाल्या, "उन्हाळ्याचे दिवस आहेत. वास मारत असेल तर भाईंना कळणार कसं?" माझ्याकडे याचं उत्तर होतं, की मी आहे ना. पण मी शाळेत जाणारी सोळा वर्षांची मुलगी होते, आणि शंभर माणसांच्या पोटाचा भरवसा माझ्यावर कुणी ठेवावा असं मलाही म्हणवेना.

प्रदर्शनातून घरी आलो त्या दुपारी अब्बा जेवून खाटेवर आडवे झाले होते. मी पायाशी जाऊन बसले. मला माफी मागायची होती. शब्द जुळवत होते तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "इतके दिवस माझं नाकच काढत होतीस ना?"

"हो."

"मग तिथं लावलं का नाहीस?"

मी म्हणाले, "सुचलं नाही." ते म्हणाले, "चांगलं होतं, वहीतलं. मी एकदा उघडून पाहिलं होतं." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. म्हणजे वही त्यांनी पाहिली होती. अक्षरं कळली नव्हती, नाकं तेवढी पाहिली होती, आणि तरी रोज येऊन खुर्चीवर बसत होते. माफी तशीच राहिली.

मॅडमना हे सगळं अम्मीकडून बसमध्ये कळलं. त्या एका शनिवारी घरी आल्या. बसल्या आणि रडायला लागल्या. अब्बाच त्यांची समजूत घालत होते. "मॅडम, तुमी काय वाईट न्हाई केलं. पोरीला मार्कं मिळाली पायजेत." अम्मीनं चहा केला. त्या गेल्यावर अम्मी मला म्हणाली, "कार्ड त्यांनी लावलं. पण सांगितलं कुणी?" पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

दसऱ्यानंतर अब्बा कुरकुंभच्या एका रसायनांच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कामाला लागणार होते. ओळखीच्या एकानं शब्द टाकला होता. तिथं आधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. त्यात वासाबद्दल विचारलेलं होतं. अब्बांनी लिहिलं, येत नाही. कारकून म्हणाला, "चाचा, इथं गॅस सुटला तर वासावरच पळायचं असतं. तुम्हाला आम्ही घेऊ शकत नाही." दोन वर्षं ज्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही, त्यांनी त्या फॉर्मवर खरं का लिहिलं, ते मी विचारलं. ते म्हणाले, "आता काय लपवायचं?"

कारेगावला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मग त्यांना घेतलं. तिथं ते चपात्यांच्या मशिनवर असतात. एका बाजूनं कणकेचे गोळे टाकायचे, दुसऱ्या बाजूनं चपात्या उचलून डब्यात रचायच्या. पहिली पाळी, निळी टोपी, हातमोजे. तिथं बिहारकडचा एक आचारी आहे, तो त्यांना उस्ताद म्हणतो.

माझा निकाल लागला. चित्रकलेत बरी श्रेणी आली, वर्गात तिसरी. वहीचे गुण जास्त होते, फायनल पीसचे कमी. मॅडम म्हणाल्या, फोटोत ते काम पोचलं नसावं. चित्र शाळेनंच ठेवून घेतलं. पुढं मी कला घेतली नाही. शिरूरच्या कॉलेजात कॉमर्सला आहे. कुणी विचारलं की सांगते, आवड गेली. ते पूर्ण खरं नाही. काढायला बसले की आधी मनात येतं, हे कुणाचं आहे, आणि त्याला विचारलं आहे का. तिथंच हात थांबतो.

गेल्या हिवाळ्यात दौंडला माझ्या मामेबहिणीची शादी होती. मामूंनी फार आग्रह केला की देग तुम्हीच उतरवा, घरचंच कार्य आहे. अब्बा नाही म्हणाले. मामूंनी बारामतीचा भटारी बोलावला. आम्ही सकाळीच पोचलो. मांडवामागं देगा चढलेल्या, धूर येत होता. अब्बा तिकडं फिरकले नाहीत. पुढं खुर्च्यांत बसून राहिले, दोन्ही हात मांडीवर. नमाज झाली, निकाह झाला, जेवणाचे दस्तरखान अंथरले. पुरुषांच्या पहिल्या पंगतीत बसायला त्यांना हाताला धरून न्यावं लागलं. आजवर ते सगळ्यात शेवटी, उभ्यानंच जेवलेले. त्यांनी ताट पुरं केलं. वाढणाऱ्यानं विचारलं तेव्हा मान हलवून आणखी थोडं घेतलं. जेवण झाल्यावर ते उठले, आणि हात धुवायच्या नळापाशी पाहुण्यांची रांग होती, तिच्यात शेवटी जाऊन उभे राहिले.